ढाल वर, ढाल खाली

(टेबलावर सोनेरी कॅसेट. हात ती उचलून खाचेत बसवतो.)

ही 'झेल्डा टू: द ॲडव्हेंचर ऑफ लिंक', निन्टेन्डोच्या झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेतला दुसरा भाग. जपानमध्ये १४ जानेवारी १९८७ ला निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या डिस्कवर आली, अमेरिकेत १९८८ च्या डिसेंबरात या सोनेरी कॅसेटमध्ये. झेल्डाच्या चाहत्यांना मालिकेतला नावडता भाग विचारा, हिचं नाव हमखास निघतं. मला मात्र ही गेम मनापासून आवडते. का, ते पुढच्या लढाईत बघा.

(परापाचा महाल. केशरी चिलखतातला शिपाई समोर येतो.)

हा आयर्न नकल. १९८६ च्या पहिल्या झेल्डात आपण सगळं वरून बघत होतो. इथे नकाशा वरूनच दिसतो, पण लढाई सुरू झाली की कॅमेरा बाजूला येतो. बाजूने बघितलं की माणसाला छाती असते, पाय असतात. आपला नायक लिंक उभा असला की ढाल छातीवर, बसला की पायांवर. ढालीला वेगळं बटण नाही; तुम्ही कसे उभे आहात, तीच तुमची ढाल.

आणि समोरच्यालाही हे सगळं येतं. आता त्याचा डावा हात बघा. तुम्ही वर मारलंत, ढाल वर. खाली मारलंत, ढाल खाली. नुसतं बटण बडवून तो हलत नाही. खाली वार दाखवायचा, त्याची ढाल उतरू द्यायची, उडी घ्यायची आणि खाली येता येता डोक्यावर घाव... हा असा. सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. निळ्या चिलखतातला शिपाई तर लांबूनच पाती फेकतो, एक वर, एक खाली. तिथे अंगठा आधी शिकतो, डोकं मागून.

(मिडो गाव. चर्चचं उंचावरचं दार.)

मिडो गावातलं हे चर्च. वरच्या दारापर्यंत साधी उडी पोचत नाही. रुटो गावात उंच उडीचा मंत्र मिळतो, तो इथे वापरायचा. आत एक तलवारबाज उभा आहे. तो शिकवतो खालचा वार: हवेत असताना तलवार सरळ पायाखाली. आता बघा, मघाशी ज्यांना चुकवून पळत होतो, त्यांच्याच डोक्यावरून लिंक उड्या मारत चाललाय. लिंकची ताकद आकड्यांनी वाढतेच. हल्ला, जादू, आयुष्य, तिन्ही ८ पर्यंत. पण ही वाढ आकड्यातली नाही, हाताची आहे.

गेम कठीण आहे, हे खरं. सगळे जीव संपले की साठवलेला अनुभव जातो आणि पुन्हा उत्तरेच्या महालापासून चालत यायचं. याचा राग येतो, आणि तो रास्तच आहे.

(गावांच्या नावांच्या पाट्या, एकामागून एक.)

राउरू. रुटो. सारिया. मिडो. नबूरू. दारुनिया. याच मालिकेतल्या १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'ची पारायणं केलेल्यांना ही नावं पाठ असतील. तिथे ती माणसांची नावं आहेत. त्याच्या अकरा वर्षं आधी ती इथल्या गावांची होती. जादू किती उरली ते दाखवणारी पट्टीही याच गेममध्ये पहिल्यांदा आली. आणि ही चाल ऐका, महालातली, आकितो नाकात्सुका यांची. २००१ च्या 'स्मॅश ब्रदर्स मेली' या निन्टेन्डोच्या मारामारीच्या गेममध्ये हीच पुन्हा वाजली.

(शेवटचा महाल. लिंकच्या अंगातून काळी सावली सुटते.)

शेवटचा शत्रू मालिकेतला नेहमीचा खलनायक गॅनन नाही. लिंकची स्वतःची सावली आहे. तीच उंची, तीच तलवार, ढाल तशीच वर, तशीच खाली. डाव्या कोपऱ्यात बसून वार करत राहिलं की ती हरते, ही युक्ती जुन्या खेळाडूंना ठाऊक आहे.

आमचा खेळाडू कोपऱ्यात गेला नाही. आता मी बोलत नाही.

(निवेदन थांबतं. फक्त गेमचा आवाज आणि कंट्रोलरवरचे दोन अंगठे.)