डाउनलोड झालं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय, "ऑपरेटिंग सिस्टीमचा खराखुरा सोर्स कोड वाचायचाय, फुकट कुठे मिळेल?" कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा वगैरे तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं बघा. १९६९ ला बेल लॅब्समध्ये सुरू झालं, आणि विद्यापीठांना सोर्सकोडसकट अगदी नाममात्र पैशात मिळायचं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स सरांनी सहाव्या आवृत्तीचा कर्नल, साधारण ९ हजार ओळींचा, पोरांसाठी ओळ न् ओळ उलगडून लिहून काढला. आणि १९७९ ला सातवी आवृत्ती आली तर लायसन्समध्ये अट, की वर्गात सोर्स शिकवायचा नाही! मला आजही याचा राग येतो, कारण कोड तोच, कपाटात पडलेला, फक्त सरांनी तो फळ्यावर लिहायचा नाही. लायन्स सरांचं पुस्तक झेरॉक्सवर झेरॉक्स होत फिरलं, उघडपणे छापलं गेलं थेट १९९६ ला.

म्हणून तर अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापक सरांनी १९८७ ला शिकवण्यासाठी मिनिक्स ही युनिक्ससारखी सिस्टीम स्वतः पहिल्यापासून लिहिली. पण तिथेही गंमत बघा, सोर्स वाचा, घरी बदला, पण बदललेली अख्खी सिस्टीम पुढे वाटायची मुभा नव्हती, मग लोक नुसते पॅच, म्हणजे फक्त आपण केलेले बदल, वाटायचे, आणि ज्याला हवं त्याने मूळ मिनिक्स विकत घेऊन त्यावर ते लावायचे. २००० ला लायसन्स मोकळं झालं, तोवर लिनक्स कुठच्या कुठे गेलं होतं.

एकाने कमेंट केलीये, "दादा, गिटहबवर पडलंय की सगळं, कसलं लायसन्स?" अरे मित्रा, हेच तर सांगतोय! गिटहब ही कोड ठेवायची साइट, आणि तिथल्या एखाद्या रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, लायसन्सची फाइल नसेल तर ते मोकळं नसतं, उलट सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. वाचता येणं वेगळं, वापरायची परवानगी वेगळी, आणि बदलून वाटायची परवानगी तर आणखीनच वेगळी.

माझंच सांगतो. कॉलेजात एका रिसर्च सिस्टीमचं स्टुडंट लायसन्स मिळालं होतं, मी तिच्या शेड्युलरवर, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कधी चालणार हे ठरवणाऱ्या भागावर, चार महिने घासलो. इंटरव्ह्यूमध्ये दाखवायला काढणार तेवढ्यात मित्राने अट वाचून दाखवली, शिक्षण संपलं की कॉपी डिलीट करायची आणि बदल कुणाला दाखवायचे नाहीत. चार महिन्यांचं काम, आणि बायोडेटात एक ओळ.

प्लॅन ९, म्हणजे बेल लॅब्सचीच युनिक्सनंतरची सिस्टीम, तिच्याबद्दल पण विचारलंय. १९९५ ला पुस्तकं आणि सीडी मिळून ३५० डॉलर, विद्यार्थ्याने कुठून आणायचे? २००० ला ती ओपन सोर्स झाली आणि २०२१ पासून एमआयटी लायसन्स नावाच्या मोकळ्या लायसन्सवर आहे, बिनधास्त घ्या.

नवीन असाल तर मात्र आधी एक्सव्ही६ घ्या. ही छोटी सिस्टीम अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००६ ला शिकवायलाच लिहिली, युनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर. क्लोन केलंत, म्हणजे कोड आपल्या मशीनवर उतरवलात, की कोडच्या आधी लायसन्सची फाइल उघडा, दोन मिनिटांत वाचून होते. वापरा, बदला, वाटा, विका, सगळं चालतं, फक्त कॉपीराइटची ओळ आणि ती परवानगी काढायची नाही. मग प्रोसेसची फाइल उघडा, पुढच्या व्हिडिओत शेड्युलर तिथूनच सुरू करतोय.