पांढरी पाच

(दृश्य: धरमपेठेतील एक जुने घर. मे महिना, सकाळचे साडेसहा. अंगणात कडुनिंब, ओसरीवर लहान चपलांची रांग.)

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि घरोघरी कूलर दिवसभर घरघरत असतात. या घरातही कूलर आहे, परंतु ज्या खोलीत पियानो आहे तिथे तो लावला जात नाही. पियानोचा ध्वनिफलक पातळ लाकडाचा असतो. कोरड्या हवेत तो आकसतो, ओल्या हवेत फुगतो, आणि त्याबरोबर सुमारे 230 तारांचा ताण बदलून वाद्य उतरते किंवा चढते. वाळ्यातून येणारा गार झोत माणसाला सुखाचा वाटला, तरी या वाद्याला तो मानवत नाही. म्हणून उन्हाळ्यात इथे मुलांना पियानो शिकवणाऱ्या ताईंचा वर्ग पहाटे उठणाऱ्यांचा असतो आणि ऊन ओसरीवर येण्याआधी संपतो.

चित्रीकरणाला होकार देताना ताईंनी एकच अट घातली होती, ती म्हणजे आपले नाव कुठेही येऊ नये. मुले त्यांना ताई म्हणतात. आपणही तेच म्हणू.

ताईंचे संगीत गळ्यापासून सुरू झाले. नागपूरच्या महाल भागातील वाड्यात आजीसमोर बसून घोटलेली सरगम, त्यानंतर ख्यालगायनाची रीतसर तालीम, आणि मग, घरच्यांच्या फारशा कौतुकाविना, सदर नावाच्या वस्तीतील एका वृद्ध शिक्षिकेकडे पियानो. पुढे मुंबईत पाश्चात्त्य गायनाचे शिक्षण झाले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा झाल्या, एकल मैफली झाल्या, आणि इतर गायकांना पियानोची साथ करण्यात बरीच वर्षे गेली. कार्यक्रमपत्रिकेवर ‘पियानोवादक’ आधी छापावे की ‘गायिका’, हा प्रश्न संयोजकांना दर वेळी पडत असे. या संदर्भात ताई मुलांना पोलीन व्हियार्दोची (1821–1910) हकिगत सांगतात. विख्यात पियानोवादक फ्रान्झ लिस्टकडे शिकलेल्या या मुलीला पियानोवादकच व्हायचे होते. परंतु थोरली बहीण, विख्यात गायिका मारिया मालिब्रान, 1836 मध्ये वारली आणि आईने धाकटीला गाण्याकडे वळवले. पुढे ती युरोपातील नामवंत गायिका झाली. “मला कोणी वळवले नाही, म्हणून मी दोन्हीकडे राहिले,” असे ताई हसत म्हणतात.

(दृश्य: पियानोचे झाकण बंद आहे. सहा मुले सतरंजीवर बसली आहेत.)

पहिले काही आठवडे मुलांना पियानोला हात लावायला मिळत नाही, ही तक्रार पालक हमखास करतात. या काळात प्रत्येक मूल गाते, आणि ताई त्याच्या आवाजाचा षड्ज शोधून देतात: कोणाची काळी चार, कोणाची पांढरी पाच. ही भाषा पेटीवाल्यांची आहे आणि विदर्भातल्या गाणाऱ्या घरांत ती मुलांच्या कानांवरून गेलेली असते. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, पांढरी पाच म्हणजे जी. झाकण उघडते तेव्हा मूल सर्वांत आधी आपली पट्टी शोधते आणि तिथून आपल्या ओळखीची चाल वाजवते. शेजारच्या मुलीची पट्टी वेगळी असल्याने तीच चाल तिला निराळ्या पट्ट्यांवरून वाजवावी लागते. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यांनी मुलांना आधी गायला शिकवा, आणि तेही सरकत्या ‘डो’वर, म्हणजे कोणत्याही पट्टीवर ठेवता येणाऱ्या पाश्चात्त्य ‘सा’वर, असा आग्रह आयुष्यभर धरला. आपला षड्ज तर पहिल्यापासून सरकताच आहे. पियानोच्या वर्गात मात्र तो दाराबाहेर ठेवून यायचा प्रघात का पडला, हे या निवेदकाला आजवर कळलेले नाही.

पेटीमुळे एक अडचणही येते. पेटीवर डावा हात भाता ओढण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे पेटीवाल्या घरातील मुलाचा उजवा हात धावतो आणि डावा पाहुण्यासारखा बसून राहतो. यावर ताईंचा उपाय असा की डाव्या हाताची ओळ आधी गायची, मग ती गात उजव्याने वाजवायचे, आणि गाणे पाठ झाल्यावरच डावा हात पट्ट्यांवर ठेवायचा.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. त्यानंतर तो स्वर विरतच जातो, आणि वाजवणाऱ्याला तो फुगवता येत नाही की मींडेने पुढच्या स्वरात नेता येत नाही. गवयाला हे दोन्ही श्वासासारखे सहज असते. म्हणून ताई खर्जातील एक पट्टी दाबून धरतात आणि मुलांना डोळे मिटून, स्वर ऐकू येतो तोवर हात वर ठेवायला सांगतात. आम्ही चित्रीकरण करत होतो त्या दिवशी सात वर्षांच्या एका मुलीने खाली घेतलेला हात पुन्हा वर केला. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “गेला नव्हता ताई, मधेच कोकीळ ओरडला.”

मोठ्या मुलांना तानपुऱ्यावर गायलेला शुद्ध गंधार आणि पियानोचा गंधार पाठोपाठ ऐकवले जातात. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्याने त्याचा गंधार सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या भागाइतका, चढा असतो. यांपैकी खरा कोणता, असे मुले विचारतात. ताई त्यांना दोन्ही गाऊन दाखवायला सांगतात.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो, आणि गाणे सुटते ते बहुधा याच वळणावर. इथे तसे क्वचितच घडते, कारण आवाज स्थिरावेपर्यंत बोटे गात राहतात आणि नवी पट्टी पुन्हा शोधायची असते. अर्थात ताईंची पद्धत संथ आहे. ‘कितवी ग्रेड झाली?’ या प्रश्नाला उत्तर हवे असलेले पालक वर्षभरात मुलांना दुसरीकडे नेतात, आणि ताई त्यांना अडवत नाहीत.

(दृश्य: जुलै. खिडकीबाहेर पाऊस.)

वर्गातील आवडता तुकडा जी मेजरमधील एक मिन्युएट, म्हणजे जुन्या युरोपीय नृत्याच्या चालीचा तुकडा, आहे. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या 1725 सालच्या वहीतला हा तुकडा दीर्घकाळ बाखचाच समजला जात होता. तो ख्रिस्टियान पेत्सोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचा असल्याचे नंतर सिद्ध झाले. आना माग्दालेना स्वतः दरबारी गायिका होती, हे मुलांना आवर्जून सांगितले जाते. हा तुकडा पांढरी पाचमधला असल्याने इथे त्याची सुरुवात ‘प, सा रे ग म प, सा, सा’ अशी आधी गाऊन पाठ होते.

यंदा पावसाच्या पहिल्याच आठवड्यात लाकूड फुगले आणि नेमकी मधल्या सप्तकातील पांढरी पाच खाली अडकली. दाबली की वर येईना. मुंबईहून तंत्रज्ञ यायला आठ दिवस लागणार होते. नऊ वर्षांचा एक मुलगा मिन्युएट वाजवायला बसला, पहिला पंचम वाजला, पुढची पट्टी मुकी निघाली. त्याने क्षणभर ताईंकडे पाहिले, मग पुन्हा सुरुवात केली आणि षड्ज आला की बोट न लावता तो गळ्याने लावत पुढे गेला. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळा वर्ग तसाच वाजवत होता.