थायरॉइडची गाठ: सोनोग्राफीत काय पाहतात?

नमस्कार श्रोतेहो.

मानेची सोनोग्राफी केलेली असते भलत्याच कारणासाठी, आणि रिपोर्टमध्ये येतं: थायरॉइडमध्ये गाठ. घरात लगेच कॅन्सरची कुजबुज. खरं तर सोनोग्राफीने शोधत गेलं, तर जवळपास निम्म्या प्रौढांत अशी एखादी गाठ निघते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात.

नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, "केवढी आहे?" डॉक्टर आधी बघतात, ती दिसते कशी. नुसत्या द्रवाने भरलेली किंवा स्पंजासारखी जाळीदार गाठ असेल, तर काळजी जवळजवळ मिटलीच. गाठ भरीव असेल, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, तर संशय वाढतो. आत बारीक, चमकदार पांढरे ठिपके असले किंवा आडव्या छेदात गाठ रुंदीपेक्षा उंच दिसली, तर तो आणखी बळावतो.

या खुणांना गुण देण्याची एक पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ साली मांडली. तिचं नाव टायरॅड्स. बेरजेवरून १ ते ५ अशी श्रेणी ठरते, आणि इथे गुण जितके कमी तितकं बरं! आकाराचा विचार त्यानंतर. पाचव्या श्रेणीत गाठ एक सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर सुईने पेशी काढून तपासतात, चौथीत दीड, तिसरीत अडीच. म्हणून कुणाच्या दोन सेंटिमीटरच्या गाठीवर नुसती नजर ठेवतात आणि कुणाच्या सव्वा सेंटिमीटरच्या गाठीला सुई लागते. यात डॉक्टरांचा घोळ नसतो. सोनोग्राफी फक्त धोक्याचा अंदाज देते. कॅन्सर आहे की नाही, ते पेशी पाहूनच ठरवावं लागतं.

मग सगळ्यांनीच सोनोग्राफी करून घ्यावी का? मुळीच नाही. दक्षिण कोरियात तशी लाट आली होती. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं, मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. कित्येकांच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या, असंच मी म्हणेन.

पण गळ्यात गाठ हाताला लागत असेल, आवाज बसलेला सुटत नसेल, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालेलं असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांकडे जाच. रिपोर्टमध्ये श्रेणी आणि माप दोन्ही लिहिलेत ना, ते बघून घ्या. आणि पुढच्या तपासणीला जुना रिपोर्ट बरोबर न्या. गाठ वाढली की नाही, ते त्याच्याशी ताडूनच कळतं.