लिटरचा भाव आणि पत्र्यावरचा रंग

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पद्मिनी या मोटारीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. आता उरलेल्या पद्मिनी बहुधा हौशी मालकांकडे आहेत. सगळी गाडी नव्याने रंगवायची, तर सामान कोणते घ्यावे, हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडतोच.

दुकानात स्वस्तात मिळतो तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. जुने पेंटर त्याला आजही ड्यूको म्हणतात. थिनर उडाले की तो झटपट सुकतो, त्यामुळे त्यावर धूळ बसायला फारसा वेळ मिळत नाही आणि उघड्यावर काम करणाऱ्या गॅरेजला तो सोयीचा पडतो. दुसरा पर्याय पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. त्यात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारे द्रव्य, मिसळावा लागतो. रासायनिक क्रियेने त्याचा थर पक्का होतो आणि पुढे पेट्रोल सांडले तरी सहसा बिघडत नाही. एनसी मात्र सुकल्यावरही थिनरच्या बोळ्याने पुसून निघतो.

लिटरमागे पीयू महाग असतो हे खरे, पण ही तुलना फसवी आहे. स्प्रे गनने मारण्याजोगा पातळ होण्यासाठी एनसीत जवळपास रंगाइतकेच थिनर घालावे लागते, आणि त्या मिश्रणातला पत्र्यावर टिकणारा भाग आकारमानाने साधारण पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो. बाकीचे, पैसे मोजून आणलेले, हवेत जाते. त्यामुळे पीयूचे दोन-तीन हात पुरतात तिथे एनसीचे कितीतरी जास्त द्यावे लागतात. त्यातच पावसाळा असेल, तर थिनर उडताना थंड झालेल्या थरावर हवेतले बाष्प जमून एनसीवर पांढुरकी झाक येते.

तरीही जुनी गाडी बहुतेक वेळा रंगाने नव्हे, तर रंगाखालच्या सामानाने बिघडते. दाराची खालची कड आणि मडगार्डची आतली बाजू गंजलेली असते. तिथे गंज पूर्ण न काढता पुट्टी भरली, की गंज आतल्या आत वाढत राहतो. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. ती ओल्या पॉलिश पेपरने घासून, नीट न वाळवता वर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारला, तर तेच पाणी काही महिन्यांनी फोड होऊन वर येते आणि दोष मात्र वरच्या रंगाला दिला जातो. म्हणून उघड्या पत्र्यावर आधी चांगला इपॉक्सी प्रायमर, मग गरजेपुरतीच पुट्टी आणि ती कोरडीच घासणे, हा क्रम सोडू नये. जुन्या एनसीवर थेट पीयू मारण्याचा मोहही टाळावा, कारण पीयूचे थिनर खालचा थर उचलते आणि रंगाला सुरकुत्या पडतात.

बचत करायचीच, तर ती वरच्या थरात करावी. पद्मिनीला मेटॅलिक रंगाची आणि त्यावरच्या क्लिअरची, म्हणजे पारदर्शक थराची, गरज नाही. साधा एकरंगी पीयू तिच्या काळाला शोभतो आणि क्लिअरचा संपूर्ण खर्च वाचतो. छटेनेही हिशेब बदलतो. पांढरा रंग खालचा प्रायमर सहज झाकतो, तर लाल आणि पिवळा तितका झाकत नाहीत, म्हणून त्यांचे हात वाढतात.

एका खर्चात मात्र काटकसर नको. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क महाग पडतो. तरीही गॅरेज ठरवताना पेंटरकडे तो आहे का, हे रंगाच्या भावाआधी विचारावे असे आमचे मत आहे.

गाडीचा मूळ रंग बदलायचा असेल, तर डबा विकत घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी, कारण नोंदणी पुस्तिकेत रंग लिहिलेला असतो आणि बदलाची नोंद तिथे करून घ्यावी लागते.