गाळलेला 'स' : सालामांका ते ग्रानादा

समोर दिसतो आहे तो सालामांका शहराचा मुख्य चौक, म्हणजे प्लाथा मायोर. 1729 ते 1755 या काळात बांधलेल्या या चौकाचा दगड जवळच्याच बियामायोर गावच्या खाणींतला असून, उतरत्या उन्हात तो हळदीच्या रंगाचा होतो. संध्याकाळी विद्यार्थ्यांनी एकमेकांना भेटण्याची जागा येथे ठरलेली आहे, ती म्हणजे घड्याळाखाली. स्पेनमध्ये आल्यावर माझी पहिली ओळख याच घड्याळाखाली झाली, आणि माझ्या उच्चाराची पहिली चूकही येथेच निघाली. मी 'प्लासा' म्हटले होते. ते 'प्लाथा' आहे, असे मला अतिशय प्रेमाने सांगण्यात आले.

या शहराला आपल्या भाषेचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. येथील विद्यापीठ 1218 साली लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने स्थापन केले. त्याच्या दर्शनी भिंतीवरील दाट नक्षीत, एका कवटीच्या माथ्यावर, बसलेला बेडूक शोधून काढल्याशिवाय कोणताही नवा विद्यार्थी पुढे जात नाही. तो स्वतःला सापडला तर परीक्षा पार पडते, असा समज आहे. मला तो दाखवावा लागला. आजूबाजूच्या भिंतींवर लाल रंगात रेखलेली नावे दिसतात, ती पूर्वी डॉक्टरेट मिळवणाऱ्यांच्या गौरवासाठी लिहिली जात.

माझे गाव कोल्हापूरकडचे. आमच्या भागात मुलीही 'मी आलो', 'मी जेवलो' असेच म्हणतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा या 'आलो-गेलो'वर वर्गात हशा पिकला, आणि दोन महिन्यांत मी घरची भाषा घरापुरती ठेवायला शिकले. त्यामुळे सालामांकात स्पॅनिश शिकत असताना, शुद्ध भाषेच्या गावात राहण्याचा मला चांगला सराव होता. दमले असे सांगताना पुरुषाने 'कान्सादो' आणि स्त्रीने 'कान्सादा' म्हणायचे, हा नियम बाईंनी शिकवला तेव्हा मला एकटीलाच हसू आले. त्या बाईंना सर्वांनी 'तू' म्हणायचे होते. साठीच्या प्राध्यापिकेला नावाने हाक मारून 'तू' म्हणणे जिभेला इतके जड जाई, की पहिले काही आठवडे मी वाक्ये कर्त्याशिवायच बोलत असे. सुदैवाने स्पॅनिशमध्ये ते चालते, पण क्रियापद मात्र गुपित फोडते.

चार महिन्यांनी मी दक्षिणेला, अँदालुसियात, ग्रानादा विद्यापीठात भाषांतराच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी आले आणि मला काहीच कळेनासे झाले. या शहराचे लोक आपल्या शहराला 'ग्राना' म्हणतात. 'नादा', म्हणजे काही नाही, त्याचे 'ना' होते. 'प्वेस सी', म्हणजे हो तर, त्याचे 'पो सी' होते. शब्दाच्या शेवटचा 'स' तर सर्रास गळतो, आणि स्पॅनिशमध्ये अनेकवचन त्या 'स'वरच उभे असते. 'ला कासा' म्हणजे एक घर आणि 'लास कासास' म्हणजे अनेक घरे. मग 'स' गेल्यावर घर एक की अनेक, हे कळावे कसे? उत्तर स्वरात होते. पूर्व अँदालुसियात अनेकवचनाचा स्वर अधिक मोकळा, तोंड उघडून उच्चारला जातो. गाळलेला अक्षर जाताना आपली खूण मागे ठेवून जातो. हे कानाला उमगायला मला संपूर्ण हिवाळा लागला.

तो हिवाळा मेसा कामियाभोवती गेला. जमिनीपर्यंत जाड कापड पांघरलेले हे गोल मेज, आणि त्याखाली शेगडी. पूर्वी निखाऱ्यांची, आता विजेची. सिएरा नेवादाच्या पायथ्याच्या या गावात थंडी कडक पडते, आणि आम्ही चौघी घरसोबतिणी पाय त्या कापडात खुपसून रात्री दहाला जेवत असू. रहिवासी नोंदणी, परदेशी नागरिकाचे ओळखपत्र, त्यासाठी लागणारी भेटीची वेळ या सर्व कटकटी मी तेथेच बसून सोडवल्या. 'पगार' या शब्दाचा खुलासाही तेथेच झाला. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला हा शब्द आपल्याकडे हातात पडणारे पैसे सांगतो. स्पॅनिशमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणे. घरभाड्याच्या दिवशी हा फरक नीट समजतो.

एका गोष्टीने मात्र मला फार समाधान दिले. स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण 1492 च्या ऑगस्टमध्ये सालामांकात निघाले, आणि ते राणी इसाबेलाला अर्पण केलेले होते. त्याच वर्षी 2 जानेवारीला ग्रानादा तिच्या हाती आले होते, आणि तिची कबरही येथील शाही चॅपेलमध्येच आहे. हे व्याकरण लिहिणारा आंतोनियो दे नेब्रिखा सालामांकात शिकला, तेथेच शिकवू लागला. परंतु जन्माने तो सेव्हिल्याजवळच्या लेब्रिखाचा, म्हणजे अँदालुसियाचाच. पुढे हुआन दे वाल्देस या विद्वानाने, हा माणूस दक्षिणेचा, तिकडची भाषा काही फार शुद्ध नाही, असा टोमणा लिहून ठेवला. ज्याने नियम लिहिले त्यालाही हे चुकले नाही. हे वाचले त्या रात्री मी आईला फोनवर मोठ्याने 'मी जेवलो' असे सांगितले, आणि घरसोबतिणींना त्याचा अर्थ समजावण्यात अर्धा तास गेला.

जूनमध्ये, परतण्यापूर्वी, एका दिवसासाठी मी पुन्हा सालामांकाला गेले. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी चौकात ऊन रेंगाळत होते. ओळखीच्या बेकरीत पाव घेताना मी दोनच वाक्ये बोलले, आणि काउंटरमागची बाई हसून म्हणाली, "दक्षिणेत राहून आलीस वाटते?"

"पो सी," मी म्हटले.