लोमडीवर बंदूक: इंग्लंडची कुरणं आणि आपला माळवा

नमस्कार मंडळी. आजचा विषय मारण्याचा आहे, म्हणून आधीच सांगतो, मेलेलं जनावर आपण स्क्रीनवर दाखवणार नाही, पण बोलणार मात्र सरळ आहोत.

प्रश्न असा की गावाकडे, शेतावर येणारी लोमडी गोळी घालून मारावी की नाही. इंग्लंडमध्ये ह्यावर वर्षानुवर्षं भांडणं चाललीयत, संसदेत, रस्त्यावर, घराघरात. आपल्याकडे इंदूरच्या आसपास हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारतच नाही, इथे जे व्हायचं ते रात्री गुपचूप होऊन जातं आणि सकाळी कुणाला काही माहीत नसतं. म्हणून आम्हाला वाटलं की तिकडे उघड भांडून लोकांना काय काय कळलंय ते आधी बघू, मग आपल्या माळव्याकडे येऊ.

एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, नाहीतर पुढे घोळ होईल. तिकडची फॉक्स तांबडी, झुपकेदार शेपटीची, पाच-सात किलोची. आपल्याकडची लोमडी, म्हणजे मराठीतलं खोकड, दोन-तीन किलोचं, राखाडी, शेपटीचं टोक काळं. आणि रात्री कोल्हेकुई करतो तो कोल्हा, ज्याला इथे सगळे सियार म्हणतात, तो तिसराच.

आता हे बघा, उत्तर इंग्लंड, मार्चची रात्र. पिकअप शेताच्या कडेला उभी आहे, एक जण स्टेअरिंगवर, एक जण रायफल घेऊन. पूर्वी मोठा लाईट फिरवायचे आणि अंधारात डोळे चमकले की कळायचं, आता थर्मल दुर्बिणी आल्यात, अंगाच्या उष्णतेवरनंच जनावर दिसतं. मग छोट्या शिट्टीतून जखमी सशासारखा आवाज काढायचा, फॉक्स त्या आवाजावर येते. आणि मग थांबायचं, ती आडवी उभी राहीपर्यंत थांबायचं, तिच्या मागे मातीचा चढ येईपर्यंत थांबायचं, कारण रायफलची गोळी चुकली तर फार लांब जाते, मागे नुसतं आभाळ असेल तर ट्रिगर दाबायचाच नाही. रायफलसाठी पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, जमीन स्वतःची हवी नाहीतर मालकाची परवानगी हवी. एवढं असलं की फॉक्स मारणं तिकडे कायदेशीर आहे, वर्षभर, बंद सीझन असा नाहीच.

बंदी आली ती कुत्र्यांच्या टोळ्या घेऊन घोड्यावरनं शिकार करण्यावर. 2004 चा हंटिंग ॲक्ट, इंग्लंड आणि वेल्समध्ये 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू. त्याच्या आधी लॉर्ड बर्न्स यांच्या समितीनं 2000 मध्ये रिपोर्ट दिला होता, त्यात असं होतं की रात्री लाईट लावून रायफलनं नीट मारलं तर जनावराचे हाल कुत्र्यांच्या शिकारीपेक्षा कमी होतात. म्हणजे बंदूकवाल्यांच्या बाजूनं ही एक गोष्ट आहे आणि ती छोटी नाही.

त्यांची दुसरी बाजू म्हणजे मेंढपाळ. मेंढ्या व्यायला लागतात मार्च-एप्रिलमध्ये, फॉक्सची पिल्लंही त्याच सुमाराला होतात, म्हणजे तिला सगळ्यात जास्त भूक असते तेव्हाच कुरणात ओलं, धड उभंही न राहणारं कोकरू पडलेलं असतं. सकाळी मेंढी ओरडत उभी आणि कोकराचं नुसतं कातडं, असं ज्यानं बघितलंय त्याला घरात बसून शिकवायला जाऊ नये. पण आकडे बघितले तर बर्न्स समितीलाही फॉक्सनं मारलेल्या कोकरांचं प्रमाण कमीच दिसलं. बहुतेक कोकरं मरतात थंडीनं, उपाशी राहून, नाहीतर जन्मतानाच अडकून. आणि मेलेलं कोकरू फॉक्स उचलून नेते, ते बघून वाटतं हिनंच मारलं.

अजून एक. 2001 मध्ये तिकडे गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली आणि जवळजवळ वर्षभर शिकार बंद राहिली. सगळ्यांना वाटलं आता फॉक्स बेसुमार वाढणार. नंतर मोजणी झाली तर वाढ दिसलीच नाही. ती मोजणी कुत्र्यांच्या शिकारीबद्दलची होती, गोळीबद्दलची नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ह्या जनावराचा हिशोब त्यातनं कळतो. फॉक्सचे इलाके ठरलेले असतात, एक मारली की हिवाळ्यात घर शोधत फिरणारी दुसरी तरुण फॉक्स त्या जागेत येऊन बसते. म्हणजे जानेवारीत मारलेली फॉक्स मार्चच्या कोकराला वाचवेलच असं नाही, त्या शेतकऱ्याचा खर्च झाला, रात्र गेली, आणि कुरणात नवीन भाडेकरू.

ह्याच्या उलट बाजूनं जे उदाहरण आहे ते मात्र आम्हाला स्वतःला खूप विचार करायला लावणारं वाटलं. नॉर्थम्बरलंडमध्ये ऑटरबर्नच्या माळरानावर 2000 ते 2008 असा एक मोठा प्रयोग झाला. काही भागांत फॉक्स, कावळे आणि स्टोट-वीझलसारखे छोटे शिकारी प्राणी मारले, काही भागांत मारले नाहीत, आणि मध्ये भागांची अदलाबदलही केली, म्हणजे कुणी म्हणू नये की ती जमीनच चांगली होती. जिथे शिकारी काबूत ठेवले तिथे लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू, टिटवीच्या कुळातला लॅपविंग, गोल्डन प्लोव्हर, ह्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं उडेपर्यंत जगण्याचं प्रमाण सरासरी तिपटीनं वाढलं. तिप्पट. कर्ल्यू तिकडे झपाट्यानं कमी होतोय. मग सांगा, फॉक्स भरपूर आहेत, कर्ल्यू संपत चाललाय, अशा वेळी बंदुकीला नाही म्हणायचं म्हणजे कर्ल्यू गेला तरी चालेल म्हणायचं. आम्हाला ते म्हणता येत नाही. त्या माळावर, त्या सीझनमध्ये, चांगल्या नेमबाजानं फॉक्स मारली तर आमचा विरोध नाही.

पण तिथेही एक गोष्ट आहे जी फार वाईट वाटते. एप्रिलमध्ये मादी मारली तर बिळात पिल्लं राहतात, डोळेही न उघडलेली, आणि ती हळूहळू उपाशी मरतात. गोळी मादीला एका क्षणात मारते, पिल्लांचं तसं होत नाही. शिवाय प्रत्येक हात काही चांगला नेमबाज नसतो, छऱ्याची बंदूक लांबनं मारली तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठल्यातरी झुडपात दिवसेंदिवस कण्हत पडतं. मारायचंच तर पिल्लं व्हायच्या आधी मारा, असं तिकडचे कितीतरी शिकारीही म्हणतात.

युरोपनं रेबीजसाठीही हेच करून बघितलं होतं. बिळांत गॅस सोडला, गोळ्या घातल्या, साथ पुढे सरकतच राहिली. मग 1978 मध्ये स्वित्झर्लंडनं कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली. फॉक्सनं मुंडकी खाल्ली, लस आपोआप लागली, आणि साथ अडली, कारण लस घेतलेली फॉक्स स्वतःच्या इलाक्यात बसून राहते, आजारी बाहेरची आत येऊ देत नाही. मारून जे झालं नाही ते जिवंत ठेवून झालं!

आणि ऑस्ट्रेलियात परत उलटं. तिथे फॉक्स मुळात नव्हतीच, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी नेऊन सोडली आणि तिथल्या छोट्या प्राण्यांची वाट लागली. फिलिप आयलंडवरचे छोटे पेंग्विन फॉक्स मारून टाकायची, तिथे बरीच वर्षं प्रयत्न करून, विषारी आमिषं, शिकारी कुत्री, बंदुका, सगळं वापरून 2017 मध्ये बेट फॉक्समुक्त जाहीर केलं. ते जमलं कारण ते बेट आहे, यायची वाट म्हणजे एक पूल. मोकळ्या मैदानात असा पूल कुठून आणणार?

आता आपल्याकडे या.

इंदूरची आपली कितीतरी मराठी घरं आहेत ज्यांची देपालपूर, बेटमा, सांवेर साईडला थोडीफार जमीन आहे, सोयाबीन, गहू, बटाटा, लसूण, आणि आता फार्महाऊसवर कडकनाथ पाळायची लाट आलीय. कडकनाथ झाबुआचा, 2018 मध्ये जीआय टॅग मिळाला, पक्षी महाग, त्यामुळे नुकसान झालं की जोरात लागतं. बेटमाजवळच्या अशाच एका खुराड्यापाशी आम्ही शूट केलं. जाळीचा खालचा कोपरा वर उचकटलेला, त्याच्याखाली माती गुळगुळीत झालेली, काळी पिसं तारेत अडकलेली. एक-दोन पक्षी नेलेले आणि बाकीचे नुसते मारून टाकलेले. मालक काका म्हणाले, "अरे एक नेली असती तर मी काही बोललो नसतो, पण सगळ्यांच्या माना मोडून ठेवल्या, ही काय भूक झाली का? आता गाववाले म्हणून राहिलेत, काका तुम्ही फक्त हो म्हणा, आम्ही बघतो."

त्यांचा राग आम्हाला पटतो. बंद जागेत पक्षी फडफडले की शिकारी जनावर थांबत नाही, मारत सुटतं, ही त्याची सवयच आहे. पण चिखलात जे ठसे होते ते खोकडाच्या मानानं बरेच मोठे होते, कोल्हा असेल किंवा गावातलं कुत्रं असेल, ह्या दोघांचे ठसे वेगळे ओळखणं जाणकारालाही अवघड जातं. मग "आम्ही बघतो" म्हणजे मारायचं कुणाला?

आणि "आम्ही बघतो" म्हणजे बंदूक नसतेच. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली कोल्हा आणि खोकड दोघांना संरक्षण आहे, मारलं तर जेल होऊ शकते, त्यामुळे जे होतं ते न दिसणारं होतं. विष लावलेलं मांस. करंटची तार. पिठाच्या गोळ्यात लपवलेला सूअरमार बम, जो तोंडात फुटतो आणि जबडा उडवतो. इंग्लंडमधल्या त्या माणसाला निदान समोर बघून ठरवायला लागतं की हे कुठलं जनावर आहे, मागे काय आहे, मारू की नको. विष काही बघत नाही. कोंबडी नेली कोल्ह्यानं आणि मेलं खोकड, असं होतं, मोर मरतो, शेजाऱ्याचं कुत्रं मरतं, आणि तारेला हात लागून माणसंही गेलीयत.

खोकड तर बिचारं शेतकऱ्याच्या कामाचं जनावर आहे. खातं काय, तर उंदीर, टोळ, वाळवी, सरडे, सीझनला बोरं. बांधावर दोन-चार तोंडांचं बीळ करून राहतं. गव्हातले उंदीर मारायला आपण पैसे देऊन औषध आणतो आणि हे फुकटात करणारं मारून टाकतो, ह्याला काय म्हणायचं?

काकांनी शेवटी जाळी बदलली. पातळ कोंबडी-जाळी काढून वेल्डेड जाळी लावली, खाली फूटभर जमिनीत पुरली आणि बाहेरच्या बाजूला आडवी वळवली, म्हणजे उकरणारं जनावर उकरत जातं आणि परत जाळीच लागते. संध्याकाळी दिवे लागायच्या आत दार बंद. विषाला ते नाही म्हणाले. पण बंदुकीची परवानगी मिळत असती तर काय केलं असतं असं विचारलं तेव्हा म्हणाले, "मारलं असतं." ते वाक्य आम्ही कापलेलं नाही.

राहिला पक्ष्यांचा मुद्दा, कारण ऑटरबर्न ऐकल्यावर कुणीही विचारेल की मग आपल्या खरमोरचं, म्हणजे मराठीतल्या तणमोराचं काय. धार जिल्ह्यातलं सरदारपूर आणि रतलामकडचं सैलाना, दोन्ही अभयारण्यं 1983 मध्ये खास ह्या पक्ष्यासाठी झाली. पावसाळ्यात खरमोर येतो, नर गवतातनं उंच उड्या मारतो, मादी जमिनीवर अंडी घालते, कर्ल्यूसारखीच. आता इतका दुर्मिळ झालाय की दिसला तरी बातमी होते. मग इथेही कोल्हे-खोकडं मारायची का? आमचं मत, नाही. ऑटरबर्नला माळरान शाबूत होतं, घरट्याला जागा होती, फक्त शिकारी जनावरं जास्त होती, म्हणून बंदुकीनं फरक पडला. माळव्यात गवताची बीडं मोडून सोयाबीन आलं, प्लॉट पडले, उरलेल्या तुकड्यात मोकाट कुत्री फिरतायत. लपायला गवतच नसेल तर अंडी एका जनावरापासून वाचवून दुसऱ्याला द्यायची एवढंच होईल. आणि खोकडालाही तेच गवत लागतं, दोघांची घरं एकाच वेळी गेलीयत.

म्हणून सरदारपूर-सैलाना भागात ज्यांचं शेत बीडाला लागून आहे त्यांना आमची हात जोडून विनंती आहे, जुलै ते सप्टेंबर गवताला विळा लावू नका, पिल्लं उडाली की कापा, तोवर शेतावरची कुत्री बांधून ठेवा. खरमोर दिसला तर जवळ जाऊन फोटो काढत बसू नका, वनविभागाला कळवा.