हाराजुकूची हौस

नमस्कार मंडळी, टोकियोला जाणार असाल तर देवळं, बुलेट ट्रेन, फुजी सगळं बघाच, पण एक रविवार दुपार हाराजुकूसाठी, म्हणजे तरुण पोरापोरींच्या फॅशनसाठी गाजलेल्या तिथल्या भागासाठी राखून ठेवा.

यामानोते या लोकल रेल्वे लाइनवरचं स्टेशन, एका अंगाला मेइजी देवस्थानाची गर्द झाडी, आणि रस्ता ओलांडला की ताकेशिता गल्ली. लांबी जेमतेम साडेतीनशे मीटर पण गर्दी अशी की पाय टाकायला जागा नाही, क्रेपची दुकानं, गुलाबी पाट्या, मोजे, बाहुल्या, आणि निम्मे लोक आपल्यासारखे टुरिस्ट. खरी मजा बघायची तर मागच्या बोळांत शिरा किंवा कोपऱ्यावरच्या लाफोरे या फॅशनच्या दुकानांच्या इमारतीत जा, 1978 पासून आहे ती.

मला तिथे डेकोरावाली, म्हणजे अंगभर रंगीबेरंगी सजावट करायच्या फॅशनची एक मुलगी दिसली, कपाळावरच्या केसांवर इतक्या क्लिपा की केस शोधावे लागतील, स्ट्रॉबेरी, तारे, अस्वलं, गळ्यात प्लॅस्टिकच्या माळा एकावर एक, चालली की खुळखुळ आवाज. जवळून बघितलं तर कळतं की यात काहीही कुठेही लावलेलं नाही, गुलाबीशेजारी पिवळं, मोठ्याशेजारी बारीक, सगळं जमवलेलं, आरशासमोर तास दोन तास सहज गेले असणार. लोलिटा नावाच्या फॅशनचंही तेच. घेरदार फ्रॉक, आत झालरींचा परकर म्हणून तो घेर उभा राहतो, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्याला बो, आणि कपडे अगदी अंगभर. नाव ऐकून लोक भलताच अर्थ काढतात, पण या मुली कोणाला दाखवायला नाही, स्वतःच्या हौसेखातर नटतात, आणि हौसेला मोल नाही हे तिथे पटतं.

हे सगळं गोंडस प्रकरण, जपानीत 'कवाई', कंपन्यांनी वरून लादलंय असं बरेच जण म्हणतात, मला नाही पटत. 1970 च्या दशकात शाळकरी मुलींनी स्वतःहून गोल गोल, गुबगुबीत अक्षर काढायला सुरुवात केली, मध्ये बदाम, चांदण्या, आणि काही शाळांनी त्यावर बंदीसुद्धा घातली. सान्रिओ कंपनीची हॅलो किटी ही मांजर 1974 ची, म्हणजे त्याच काळातली, कंपन्या पोरींची आवड ओळखून धंदा करत होत्या. रस्त्याचंही तसंच, 1977 पासून 1998 पर्यंत रविवारी योयोगी पार्कजवळचा रस्ता गाड्यांना बंद असायचा आणि पोरं तिथे भडक झगे घालून नाचायची, बँड वाजवायची. स्टेज नाही, तिकीट नाही, नुसता मोकळा रस्ता मिळाला आणि केवढं काय उगवलं!

शोइची आओकी या फोटोग्राफरनी 1997 मध्ये 'फ्रूट्स' मासिक काढलं, त्यात याच पोरांचे फोटो, आणि जगाला हाराजुकू कळलं ते त्यातून. 2017 मध्ये त्यांनी ते थांबवलं, कारण फोटो काढावा अशी पोरंच दिसेनात. म्हणून संपलं का सगळं? नाही हो, कमी झालं, पण संपलं नाही. 2009 मध्ये तर जपानच्या परराष्ट्र खात्याने तीन तरुणींना कवाईचे दूत नेमलं होतं, त्यातली मिसाको आओकी लोलिटा मॉडेल, आणि पेशाने नर्स. दवाखान्यात युनिफॉर्म आणि सुटीच्या दिवशी लेसचा फ्रॉक, मला तर फार भारी वाटतं हे.

फोटोचं मात्र ऐका. अशी नटलेली मुलगी दिसली की लांबून मोबाइल रोखायचा, हे अजिबात करू नका. जवळ जाऊन 'शाशिन, ई देस का', म्हणजे फोटो काढला तर चालेल का, एवढं विचारा, हो म्हणाली तर ती स्वतः छान पोज देते, नाही म्हणाली तर मान लववून पुढे चला.

आणि गल्लीतच पुरिकुरा आहे, 1995 साली आलेलं फोटोचं मशीन, डोळे मोठे करून, वर स्टिकर, लिखाण करून प्रिंट हातात देतं, नक्की काढा. फक्त काही ठिकाणी नुसत्या पुरुषांच्या ग्रुपला आत सोडत नाहीत, तेव्हा मित्रमित्र जाणार असाल तर दारावरची पाटी बघून मगच आत शिरा.